एकशे एकोणसत्तर पिढ्या

रात्री साडेदहाला नांदेडची शेवटची गाडी लावून
मी खोलीवर येतो, डबा घासतो,
आणि उघडतो तो चौकटींचा काळा कागद
ज्याला कडा नाहीत.

नियम पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत:
जिवंत घराला दोन किंवा तीन शेजारी असले तर ते टिकतं.
रिकाम्याला नेमके तीन असले तर ते जागं होतं.
बाकी अंधार.
कुणी एकटेपणानं जातं, कुणी गर्दीनं.

पाच घरांचा एक जीव आहे,
चार पिढ्यांत एक घर तिरका सरकतो.
मी त्याला तिरप्या म्हणतो.
सात घरांची एक खुर्ची आहे, एक पाय लांब,
बसायला जावं तर फुटते.
मला एवढंच हवं होतं:
वायव्येकडून तिरप्या आत यावा,
चार ठोकळ्यांच्या मधे विरघळावा,
आग्नेयेला खुर्ची बाहेर पडावी,
आणि ठोकळे परत जसेच्या तसे,
जणू इथून कुणी गेलंच नाही.
अशा जागा जगात लोकांनी शोधून ठेवल्यात.
मला माझी पाहिजे होती.

दिवसा मी देगलूर स्टँडच्या खिडकीत.
मद्‌नूरकडून तेलुगू येते, औरादकडून कानडी,
बाजारातून उर्दू.
‘बोधन बस्सु एप्पुडु?’ हे आत येतं,
‘बोधन, सव्वाबारा, फलाट तीन’ हे बाहेर पडतं
भोंग्यातून, मराठीत.
आडनाव उल्लेवार, त्यामुळं सगळ्यांना वाटतं
ह्याला कळणारच.
कळतंही.

त्या मंगळवारी एका बाईचं लेकरू हरवलं होतं,
ती तेलुगूत रडत होती,
लेकरू रसवंतीच्या बाकाखाली सापडलं, झोपलेलं.
ती गेली. तिचं रडणं माझ्यात अजून फिरत होतं,
तोवर खिडकीत दुसरा हात, हिरव्या बांगड्या:
‘बीदर बस येल्ली?’
माझ्या तोंडून निघालं, तीन.
तीनवर बोधन उभी होती.

संध्याकाळी सातला ती परतीच्या गाडीनं उतरली.
गंगव्वा. हातात स्टीलचा डबा,
बीदरच्या दवाखान्यात लेकासाठी अंबील, आंबून गेलेली.
मी कानडीत माफी जुळवत होतो.
ती म्हणाली, स्वच्छ मराठीत,
‘तुमच्या तोंडातून दुसऱ्या कुणाचं तरी उत्तर आलं बघा.’

मराठी येतं? मग सकाळी का नाही बोललात?
‘घाबरल्यावर आईचीच भाषा येते की.’

बीदरची गाडी आता पहाटेच होती.
तिला कंट्रोल रूमच्या बाकावर जागा केली,
भाकरी अर्धी अर्धी.
तिनं लेकाला माझ्या फोनवरून सांगितलं,
‘गाडी चुकली.’
माझं नाव नाही घेतलं.

त्या रात्री मी ठोकळे हलवले नाहीत.
फक्त दोन तिरप्यांमधलं अंतर मोजत बसलो.
शंभर पिढ्या: राख.
दीडशे: राख, त्यात दोन मधाची पोळी
आणि एक तिकांडी,
आडवी, उभी, आडवी, उभी.
एकशे अडुसष्ट: शेवटचा ठोकळा जागेवर बसतच होता
आणि दुसरा येऊन आदळला.
एकशे एकोणसत्तरला
खुर्ची निघाली. मागून आणखी एक.
रचना कधीपासून बरोबर होती म्हणजे,
महिनाभर मीच घाई करत होतो.

शेजारच्या खोलीतला बोल्ट वाजला.
आनंद सांगायला कुणी नव्हतं.
खुर्च्या काळ्यातून जात राहिल्या,
मी पुढे एक गळ लावला, सात घरांचा,
तो त्यांच्या चुऱ्यातला एक तिरप्या गिळून
परत गळासारखा झाला.

पाच चाळीस, फलाट एक, बीदर.
तिला चढवलं. डबा धुऊन दिला होता.

आता खिडकीत मी उत्तराआधी थांबतो.
रांग म्हणते, कंट्रोलर झोपला काय हो.
मागच्या माणसाचं गाव माझ्यातून जाईपर्यंत
पेनाचं टोपण लावतो, काढतो.
पुढचा हात काचेवर टकटक करतो,
उदगीर, की औराद, की अजून काही,
ऐकतो आहे, सांगतो,
जरा.