गाळपेर

एप्रिलात नाथसागर रोज हातभर मागं सरतो
आणि ठेवून जातो भेगाळलेला काळा गाळ,
शिंपल्या, तुटकं नायलॉनचं जाळं,
एखादी रबरी चप्पल, नेहमी डाव्याच पायाची.

त्या गाळावर गयाबाई लिंबोरेंचे टरबुजाचे वेल,
आणि वेलांच्या मध्ये, उघड्यावर,
म्हशीच्या खुरानं पडलेल्या खळग्यात
नदी सुरयची अंडी.
मातीच्याच रंगाची, मातीच्याच ठिपक्यांची.
घरटं म्हणावं असं काही नाही. काडीसुद्धा नाही.

आम्ही सहाजण जालन्याहून आलेलो,
गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर एकसारख्या टोप्या,
वनखात्याचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत.
काम सोपं होतं:
अंडी दिसली की आकडा लिहायचा,
शेजारी बांबूची काडी रोवायची,
काडीला तांबडी चिंधी,
म्हणजे ट्रॅक्टर वळून जाईल.
सुरय टोपीवर झडप घालायची. आम्हाला त्याचंही कौतुक.
दोन दिवसांत सतरा काड्या.
संध्याकाळी धरणाच्या भिंतीकडून वारं सुटलं की
सतराही चिंध्या फडफडायच्या.
मी फोटो घरी पाठवला.
आईनं विचारलं, कुणाचं लग्न आहे?

तिसऱ्या दिवशी पहाटे
पहिल्या काडीपाशी पिवळा ओलसर डाग.
दुसरीपाशी टरफल.
पाचवीवर कावळा बसला होता
चोच पुसत, चिंधीलाच.

मझहर तक्ता उघडून तसाच उभा.
'कारण' या शब्दापुढं जागा
बोटभरच सोडलेली.

गयाबाईंनी खुरपं थांबवलं.
"कामून लावल्या माय ह्या पाट्या?
कावळ्याला काय वाचता येत न्हाई?"
हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत.
मनगटाला धरून मला घेऊन गेल्या वाफ्यांपलीकडं.
"हितं तीन.
त्या पिवळ्या वेलाच्या अल्याड, दोन.
तिकडं कालच घातलंय एक, आज आनखी घालील."
खूण कुठंच नव्हती.
नीट पाहिल्यावर दिसलं, तेवढ्या तेवढ्या जागी
निंदायचं राहून गेलं होतं.

"आणि ट्रॅक्टरवाला?"
"माझंच पोरगं हाय. तोंडपाठ करून घेतलंय."

आम्ही काड्या उपटल्या.
सतरा उपटायला वेळ लागत नाही.
सहा ठिकाणी अंडी उरली होती.
मग उरलेले दिवस नुसते बसलो,
गोणपाटाच्या सावलीत, कुत्री हाकलत,
आणि एकमेकांची उजळणी घेत,
शाळेत पाढे घ्यायचे तशी.
मझहर सारखा चौथ्या जागेला चुकायचा.

सप्टेंबरात पाणी परत आलं.
वेलांची जागा, आमची सावली, सगळं खाली गेलं.
गयाबाईंचा फोन एकदाच आला,
टरबुजाला भाव बरा मिळाला म्हणाल्या,
पाखरांचं काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

ऑफिसात लाइट जाते, पंखा हळूहळू थांबतो,
तेव्हा माझे ओठ आपोआप हलतात:
मोटारीच्या पाइपापासून नऊ पावलं, तीन.
बाभळीच्या खुंटाच्या डावीकडं, दोन.
पिवळ्या वेलाच्या अल्याड