ता. क.

बाबांच्या तारेवरची पत्रं
सगळी उपसून, उलटी करून मी वाचते,
म्हणजे तळातलं आधी.
प्रत्येकाच्या पोटात भोक
आणि भोकात गेलेला एखादा शब्द.
बहुतेक वेळा ‘कृपा’. एकदा ‘ताप’. एकदा ‘पायली’.

तळाशी पणजी, सालोमी.
तिला अक्षर येत नव्हतं.
लिहायचे लाजरस मास्तर, मिशनचे कॅटेकिस्ट,
ओट्यावर बसून, टाक झटकून,
कार्डाच्या माथ्यावर क्रूस, खाली येशू मरिया जोसेफ, मग
“देवपित्याच्या अपार दयेने येथील सर्व क्षेम असून
तुझे क्षेम आल्तारापाशी रात्रंदिवस इच्छितो.”
दारव्ह्याहून शकुंतलेच्या डब्यातून निघालेलं हे क्षेम
बल्लारपूरला, कागदाच्या कारखान्यात,
तिच्या इग्नासला आठव्या दिवशी मिळायचं.
क्षेम तेच. शाई फक्त कधी निळी, कधी जांभळी.

पण कडेला बोटभर जागा उरायची
आणि सालोमी मास्तरांच्या कोपराशीच बसलेली.

ता. क. भुरी व्याली. दोन पिलं. एक गेलं.
ता. क. नवे फादर गोरे हायेत. तेह्यले आपली बोली समजत नाई.
मी सारे पापं घडघड सांगून आली.
ता. क. मी सांगतो त्याच्या आर्धंच लिह्यते हे मास्तर.

हेही मास्तरांनी लिहिलंय,
तितक्याच वळणदार अक्षरात.

इग्नास आजोबांच्या फक्त मनीऑर्डरच्या चिठ्ठ्या.
रुपये आठ पाठविले. बाप्तिस्म्याला सुट्टी नाही.
बोरे पाठवू नयेत, पोस्टमन खातो.

मग आत्या. घरात बेबी,
मंगळूरच्या मठात सिस्टर परपेतुआ.
तिची पाकिटं उघडी जात मदरच्या टेबलावर.
मी आनंदात आहे.
मी आनंदात आहे, फीत मिळाली, मी आनंदात आहे.
अकरा पत्रांत हेच, आणि सातांचा खालचा भाग
कात्रीने सरळ कापलेला.
एक शेपूट तेवढं वाचलं. वऱ्हाडीत होतं म्हणून असेल,
किंवा त्या दिवशी मदरला पडसं असेल.

ता. क. माय, अठी सकाळी भात, संध्याकाळी भात.
मले सपनात जवारीची भाकर दिसते.
देव नाई दिसत.

बाबांनी हे पत्र तारेत खुपसताना
भोक मुद्दाम कोपऱ्यात पाडलंय.

आईचं एकच इनलँड, लग्नाआधीचं, परतवाड्याहून.
देवळात दोन पुकारे झाले, तिसरा येत्या रविवारी,
पातळ हिरवं घेतलं, बँडवाला सव्वाशे म्हणतो.
घडीवर, जिथे डिंक लागतो तिथे,
फाडताना अर्धवट गेलेलं:
ता. क. माझ्या भाकरी गोल होत नाहीत.
आधी सांगितलेलं ब

त्यानंतर तार रिकामीच.
अल्बन कुवेतला गेला तेव्हा फोन होते,
आता तर बोललेलंच पाठवतो आम्ही,
त्याला कड नसते, खाली जागा उरत नाही.

मिशनपुढे रुळाचा तुकडा अजून टांगलेला,
सहाला कुणीतरी बडवतं.
आई कणीक मळता मळता म्हणते,
अल्बनला जास्त काही सांगू नको. बरं आहे म्हणावं.
मी लिहिते: इकडे सर्व बरं आहे. तूर काढली.
नाताळला येतोस ना. आईचा गुडघा ठीक.

पाठवते.
दोन निळ्या खुणा उमटतात.
मग पुन्हा लिहायला घेते.

ता. क. बाबा चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधतात,
ते तुला माहीत आहे. पण काल
त्यांनी मला बेबी म्हणून हाक मारली,
जवळ बसवलं, आणि हळूच, कुणी ऐकू नये असं विचारलं,
तठी भाकर भेटते का वं?

मी भेटते म्हटलं.