ओढू नको, सरकव

शारजाच्या सनैयात, दहा नंबरला,
परकारचाचांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच :
ओल्या काचेवर काच बसली तर ओढू नको.
ओढशील तर तुकडे हातात येतील.
सरकव.

मधे पाण्याचा नुसता पापुद्रा,
पापणीवर मावेल एवढा,
आणि दोन गडी दोन बाजूंनी जोर लावतात
तरी सुटत नाही.
चिकटवलंय कोणी? कोणीच नाही.

ऑगस्टात आमच्या दुकानाला बाहेरून घाम येतो.
आत एसी अठरावर, बाहेर आखाताची वाफ.
थेंब काचेवर जागच्या जागी फुगत राहतात.
एकाचा दुसऱ्याला नुसता धक्का लागतो,
दोघांचा एक होतो,
आणि मगच त्याला खाली जाण्याइतकं वजन येतं.
मी वायपर धरून बघत उभा.
चाचा म्हणतात, बघण्याचा पगार नाही.

ट्यूबच्या उजेडात पाल, उभ्या काचेवर, डोकं खाली.
डिंक नाही, खिळा नाही.
पायांना म्हणे लाखो केस,
एकेका केसाची काचेशी जेमतेम तोंडओळख.
तेवढ्यावर अख्खी पाल तोलली जाते,
वर चिलट गिळते.

शुक्रवारी फोनवर केतकीला हे सांगितलं.
आठवीत आहे. म्हणाली, बाबा, त्याला आंतररेण्वीय बल म्हणतात.
मी दोनदा अडखळलो, ती खिदळली.
मग पुस्तकातून वाचायला लागली :
रेणू अगदी जवळ असतील तरच ते जाणवतं,
अंतर जरा वाढलं की
की
तिथेच थांबली.
मागे कुकरची शिट्टी झाली. एक. दोन.

फोन सुलभाने घेतला.
दोन वर्षं चार महिने.
कधी येता, हे ती विचारत नाही.
सुट्टी मिळाली नाही, हे मी सांगत नाही.
जेवलात का?
हो. तू?
माळ्यावरच्या पत्र्याला गंज धरलाय.
बघू.
गॅस संपत आलाय.
असंच, इंच इंच, कडेकडेने.

रात्री पेटी भरताना
दर दोन काचांत आम्ही कागद घालतो,
मला वाचता न येणारा मल्याळी पेपर,
एकमेकींना धरू नयेत म्हणून.
आज एका जोडीत घालायचा राहिला.
चाचांनी पाहिलं.
चष्मा पुसला, आणि पेटीवर
खिळा ठोकायला घेतला.