पेव क्रमांक चौदा

पेवाचं तोंड उघडलं की आधी माणूस उतरत नाही,
कंदील उतरतो.
आदगोंडा मगदूम दोर सोडत राहिले, वीस फूट, पंचवीस.
मी ज्योतीकडे बघत राहिले.
"जावा आता," म्हणाले, "हवा हाय."

खाली हळद नव्हती. महापुरानंतर
या पेवात कुणी पोतं ठेवलं नाही.
भिंतीला पिवळा हात लागला तो मात्र लागलाच,
आणि पायाखाली पुराचा गाळ,
सुकून, तडकून, पुन्हा ओलावून
खव्यासारखा रवाळ.
सहा नळ्या भरल्या. झाकणांवर लिहिलं ह-१४.
वर आले तेव्हा माझे मोजे पिवळे.

चिमूटभर मातीत
अख्ख्या सांगली-मिरजेच्या खानेसुमारीला लाजवतील
एवढी बिऱ्हाडं.
त्यातलं एक मी बशीत वाढवलं,
राखी, कडेला मखमल,
वास पाटाचं पाणी नुकतंच दिलेल्या रानाचा.
त्याचा जीनोम वाचायला पुण्याला पाठवला.
अडीच महिन्यांनी उत्तर आलं:
सात हजार चारशे अकरा जनुकं.

निम्मी शेजारच्या पेवातल्या भावंडातही सापडली.
चूल, पाटा, उंबरा. ज्याच्यावाचून घर उभं राहत नाही ते.
बाकीचं ज्याचं त्याचं.
एकाच नावाचे दोन जंतू, हातभर अंतरावरचे,
आणि माजघरात एकसारखं काही नाही.
तरी दोघांना एकच नाव का,
हे बारा वर्षं शिकवूनही
मला पोरांना नीट सांगता येत नाही.

दोन हजार शंभर जनुकांपुढे एकच शेरा: कार्य अज्ञात.
आदगोंडांना सांगितलं.
सुपारी कातरत म्हणाले,
"आमच्या माळ्यावर बी अशी भांडी हायती.
कशाची, ते आज्ज्याला बी ठावं नव्हतं.
टाकली न्हाईत.
पूर आला तवा त्यातलंच एक
पाणी उपसाय बरोब्बर बसलं हाताला."

हे प्रबंधात लिहिता येत नाही.

मग पान एकशे बत्तीसवर अडकले.
तांबं सोसण्याचं जनुक.
पेवात मोरचूद कोण फवारतं?
मोरचूद द्राक्षाला, तिकडं तासगावात,
वर्षानुवर्षं, पानं निळी होईस्तोवर.
तिथल्या मातीत जे मेले नाहीत ते शिकले.
शिकलेले येरळेत उतरले,
ब्रह्मनाळला कृष्णेत,
आणि एका ऑगस्टात पाणी गावभर हिंडलं
तेव्हा बिनबोलावता इथे आत.
त्यातला एखादा इथे आठवडाभरही टिकला नसेल.
जाता जाता भिंतीवरून वाटीभर विरजण द्यावं
तसा हा तुकडा देऊन गेला.
ना आई, ना लेक, ना गोत.
शेजार.

असं मला वाटतं. पुरावा एवढाच,
की बाकीची पोथी एका हाताची
आणि या ओळींचं वळण परकं.

त्याच आठवड्यात लेकीला शाळेत वंशवृक्ष काढायचा होता.
खोड मी काढून दिलं. फांद्यांवर पणजोबा, आत्या, सगळे बसले.
मग तिनं विचारलं, मेहरुनभाभी कुठे लिहू?
म्हटलं, त्या शेजारच्या, त्या नाही बसत.
"पण शिट्टी तर मी त्यांच्याकडूनच शिकले."
तिनं कागदाबाहेरून एक रेघ आणली,
तीन फांद्या आडव्या कापत थेट स्वतःच्या नावापाशी.
बाईंनी त्या रेघेवर लाल प्रश्नचिन्ह दिलं.
दहापैकी सात.

तो कागद आता माझ्या टेबलावर आहे, बशांच्या ढिगाखाली.

आज आदगोंडांचा फोन आला.
नऊ नंबरचं पेव उघडलंय,
कंदील दोनदा विझला.
"उद्या बघू," म्हणाले. "वारं शिरू द्या.
खाली काय हाय ते कुठं पळून जातंय?"