रकाना सात

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर
आम्ही तिघं बसतो.
खालून दिवसभर कुणीतरी ओरडतं,
दोन्ही बाजूंनी काढ रे.
वर मी पतसंस्थेचा फॉर्म करते आहे.
सभासद व्हायला अकरा रकाने,
अकराही सक्तीचे.

काम सोपं आहे, म्हणजे वाटतं.
रकाना रिकामा दिसला की अडव,
लाल अक्षरात सांग: हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.
फ्रेमवर्कात एक शब्द लिहिला की झालं.
पण रिकामं म्हणजे काय,
हे त्याला आपणच शिकवायचं.
काही आलंच नाही, ते एक रिकामं.
आलं, पण आत अक्षर नाही, ते दुसरं.
सुरुवातीला तर ते शून्यालाही रिकामं समजत होतं,
आणि 'अवलंबून व्यक्ती: ०' लिहिणारे
बागल चौकातले एक आजोबा
चार वेळा परत पाठवले गेले.
ते मी दुरुस्त केलं.
त्यांना कुणी कळवलं की नाही, माहीत नाही.

मंगळवारी नोंदी चाळताना दोनशे चौदा दिसली.
बायाक्का लोहार, दौलतनगर.
रकाना सात, पतीचे नाव: कोरा.
मग ही आत आली कशी?
कर्सर नेऊन ठेवला
तर तो एक घर पुढे सरकला.
एक स्पेस.
बाईनं, किंवा तिच्यासाठी बोटं चालवणाऱ्या कुणी
स्पेसबार एकदा दाबला होता
आणि माझ्या तपासणीला वाटलं, नाव आहे.

इर्शाद म्हणाला, ट्रिम मार की, दोन मिनिटांचं काम.
मारलं.
आता कडेची मोकळी जागा छाटूनच
आत काय उरतं ते बघणार.

गुरुवारी संस्थेतून खापण्यांचा फोन.
मॅडम, त्या लोहारबाई आल्यात कर्जाला.
जुना फॉर्म उघडलाय, पुढंच जाईना.
लिवा म्हटलं कायतरी,
तर म्हणत्यात, लिवण्याजोगं असतं
तर मागंच लिवलं नसतं व्हय?
डॅश टाका, मी म्हटलं.
टाकला हुता. डॅश नको म्हणत्यात.
डॅश बघितला की लोकं मेला असं वाचत्यात.
मागे बाईंचा आवाज ऐकू येत होता,
माझ्याशी नाही, कुणाशी तरी रिक्षाच्या भाड्यावरून.

बाबा उद्यमनगरात साचे करायचे, बत्तीस वर्षं.
त्यांची तपासणी उलटी.
ओतण्याआधी बॅटरी घेऊन साच्यात वाकायचे,
आत वाळूचा एक कण सुटा दिसला
तर फुंकून काढायचे.
पोकळी पोकळच पाहिजे,
लोखंड तिच्या भरवशावर येतंय, म्हणायचे.
आणि मग इतक्या निगुतीनं केलेल्या साच्याला
बारीक सळईनं टोचत बसायचे.
मी लहान होते. कशाला टोचता, विचारलं.
वाफंला वाट नको? कोंडली की फुगतंय सगळं.
कोपराखालचा भाजल्याचा डाग दाखवायचे,
नकाशातल्या गोव्याएवढा.
गोवा आम्ही पाहिला नव्हता तेव्हा.

सातव्या रकान्यापुढची लाल चांदणी काढली.
सक्तीचा शब्द काढला.
खापण्यांना सांगितलं, आता करा.
एक मिनिट शांतता, मग:
गेला. गेला पुढं.

बदल केला की कारण नोंदवावं लागतं.
तो रकाना सक्तीचा,
आणि तोही मीच केलेला.
'वाट ठेवली' असं लिहिलं, खोडलं.
'दुरुस्ती' लिहिलं, तेही खोडलं,
कारण मोडलेलं असं काही नव्हतं.
खाली शटर ओढल्याचा आवाज आला.
एकदा नुसता स्पेसबार दाबून पाहिला.
घेतलं नाही.
शेवटी 'वाफ' एवढंच लिहिलं.
उद्या इर्शाद विचारेल.