खानेसुमारी

आठवीच्या वर्गात आम्ही चौकोन रंगवतो आहोत.
एका चौकोनात पाच माणसं.
डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका,
तळाशी तान्ही, माथ्यावर नव्वदीपार.
पुस्तकात याला पिरॅमिड म्हणतात;
आमच्या काउंटीचा मात्र भोवरा झालाय,
वर रुंद, खाली निमुळता.
कोल्बी म्हणतो, "मिस, हा फिरायचा थांबला की आडवा."

एकूण एक हजार एकशे अठ्ठेचाळीस.
एक एप्रिलला जो जिथे राहत होता, तो तिथला.
इट्झेलचा भाऊ दोन एप्रिलला जन्मला.
आता तो बालवर्गात आहे, बुटाच्या नाड्या बांधतो,
पण कुठल्याच खान्यात नाही.
ती पेन्सिल चावत बसली आहे.
मी म्हटलं, रंगव पाचवा हिस्सा.
तिनं पट्टीनं मोजून रंगवला,
काठाबाहेर न जाता.

संध्याकाळी जिममध्ये सभा.
घडीच्या खुर्च्या, कॉफीचं पिंप,
बास्केटच्या जाळीत मागच्या वर्षीचा एक फुगा, सुकलेला.
विषय क्रमांक चार: शिक्षकांजवळ बंदूक असावी का.
डेलमार वोपाट उठले, टोपी हातात.
"शेरीफचा माणूस बेचाळीस मैलांवर.
रस्त्यावर बर्फ असलं तर धरा सव्वा तास.
वासरांवर कोयोटी आली
तर मी फोन लावून वाट बघत बसतो का?"
टाळ्या. बऱ्याच.

आर्डिस तिसरीला शिकवते, चौतीस वर्षं.
डेलमारला बेरीज तिनंच शिकवली.
"ठेवू कुठे?" ती म्हणाली.
"माझ्या खणात दम्याचा पंप आहे,
पाकिटात पडलेले दुधाचे दात आहेत,
ओल्या पायांसाठी मोजे आहेत.
त्यांच्या शेजारी?"
कुणी तरी हसलं. एकटंच.

मग रोवेना.
तिचा पुतण्या दुसऱ्या राज्यातल्या शाळेत होता.
होता, इतकंच ती बोलली.
माईक परत दांडीवर अडकवताना
तो बसेना. तिनं दोनदा प्रयत्न केला,
मग टेबलावर आडवा ठेवला,
आणि त्याचा आवाज सगळ्या जिमभर झाला.

माझाही हात वर होता. वेळ संपली.
विमा कंपनीचं पत्र आलेलं नाही,
म्हणून निर्णय पुढच्या महिन्यात.

सकाळी कोल्बी विचारतो, "बंदुकांचा रकाना कुठाय?"
नाही तो. सरकार विचारत नाही.
"मग आपण विचारू."
मी नको म्हणायला हवं होतं कदाचित.
म्हटलं, नाव नाही, फक्त आकडा,
चिठ्ठी घडी घालून या खडूच्या डब्यात.

अकरा मुलं, अकरा घरं.
एका चिठ्ठीवर शून्य, दोनदा गिरवलेलं.
एकीवर, "माहीत नाही, बाबांची खोली बंद असते."
एकीवर सव्वीस.
यावेळी एका चौकोनात एकच धरला,
तर कागद संपला.
दुसरा चिकटवला. तोही पुरेना.
पट्टी भोवऱ्याच्या शेजारून निघाली
आणि खिडकीच्या चौकटीपर्यंत गेली.
इट्झेल तळाशी बोट ठेवून होती,
शून्य ते चार वयाच्या ओळीवर,
सहा चौकोन आणि तो एक हिस्सा.
कुणी काही बोललं नाही, आठवीत असं होत नाही.

डब्यात चिठ्ठ्या मात्र बारा निघाल्या.
"मिस, हा एक तुमचा," कोल्बी म्हणाला,
"तुम्हीच एकाला अशी शेंडी काढता."
आजोबांची रायफल. तळघरात,
तेल लावून, फ्लॅनेलच्या सदऱ्यात गुंडाळलेली.
त्या सदऱ्याला अजून त्यांच्या तंबाखूचा वास आहे.
मी हो म्हटलं.
त्यानं एक चौकोन वाढवला.

घंटा झाली, सगळे गेले.
मी टेबलाचा खण उघडला,
पेन्सिली एका बाजूला सारल्या,
पट्टी लावून उरलेली जागा मोजली,
आणि आकडा कुठेही न लिहिता
बंद केला.