एक दांडी कमी

तंबू सेकंडहँड. कोपरखैरण्यात, डोंगर सोडून दिलेल्या
एका मुलाकडून अकराशेला घेतला.
त्याच्या आईनंच पिशवी खाली आणून दिली,
न्या एकदाचा, म्हणाली, माळ्यावर जागा नाही.

शुक्रवारी दांडी मारली. कल्याण, मुरबाड, टोकावडे,
पुढे सहा आसनी, मांडीवर कुणाचीतरी कोंबडी,
आणि शेवटी काळू नदी,
पौषातली, घोट्याएवढी.

पहिली रात्र भोईरांच्या कॅम्पवर.
हिरवे तंबू दोन रांगांत, कवायतीला उभे,
प्रत्येकावर आकडा. मला नऊ.
खोटं कशाला बोलू, गरम पाणी होतं,
संडास स्वच्छ, पिठलं तर फारच चांगलं.
वाशीच्या एका कुटुंबानं मुलाचा वाढदिवस केला,
मला केक दिला, अंताक्षरीत ओढलं,
'ण' आल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले.
बाराला दिव्यांच्या माळा विझल्या
आणि आठ नंबरात घोरणं सुरू झालं.
भिंतीला कान असतात म्हणे.
कापडाच्या भिंतीला नाकही असतं.

दहाला जागा सोडायची होती. सोडली.
नदी धरून वर निघाले,
चाकांच्या खुणा संपल्या त्याच्याही वर.
नानाचा अंगठा कड्यातून उठलेला,
शाईच्या पॅडसाठी पुढे केल्यासारखा.

सपाट कातळाजवळ पिशवी उपडी केली.
कापड, खुंट्या, गुंता झालेल्या दोऱ्या.
दांड्या हव्यात दोन,
निघाली एक.
मी काठावर बसून त्या मुलाला, त्याच्या आईला,
त्यांच्या माळ्याला मनसोक्त शिव्या दिल्या.
पाण्यापलीकडून कुणीतरी ऐकत होतं.

धर्मा हिंदोळा. ठाकरवाडीचा.
त्याचाही माळा होता, चार खांबांवर,
वालाच्या शेतात, डुकरांवर लक्ष ठेवायला.
"घर पडला का तुझा?" त्यानं विचारलं.
म्हटलं, अजून उभंच राहिलं नाही.

तो गेला, कारवीची ओली काठी घेऊन आला,
सोलली, गुडघ्यावर वाकवून पाहिली.
तंबू उभा राहिला,
एक खांदा पाडून.
"इथं नको," म्हणाला, "हा डुकरांचा रस्ता हाय."
मग झोळीतून आजारी माणूस नेतात तसा
दोघांनी धरून तो वरच्या अंगाला नेला.

पैसे विचारले. नको.
फोन भरून देशील का, एवढंच म्हणाला.

रात्रभर त्याचा फोन माझ्या उशाशी,
पॉवर बँकेला लुचलेला.
कातळावर रेंजची एकच काडी,
तरी दोनदा वाजला. 'पारू भिवंडी.'
मी उचलला नाही.
शेतातून डबा बडवल्याचा आवाज, हाऽड, हाऽऽड,
मग बराच वेळ नुसती नदी,
आणि मी डोळे उघडे ठेवून विचार करत होते
की पारूला इतक्या रात्री काय सांगायचं असेल.

सकाळी सांगितलं. तो हसला.
"बायको. वीटभट्टीवर हाय. रातचा फोन करते, काय नसतं."
भट्टीवरची झोप तिनंच उभी केली, म्हणाला,
मी आगोटीच्या आधी येते तिला घेऊन, तवर ती तिथं, मी हिथं...
नाही, तो "येते" नाही म्हणाला. "आणतो" म्हणाला.
मीच मनात चुकीचं ऐकलं,
जणू मलाच कुणाला तरी घेऊन यायचं होतं.

काठी परत देऊ लागले.
"ऱ्हाऊ दे. घरी गेलीस की चुलीत घाल."

चूल नाही माझ्याकडे. पाईपचा गॅस आहे.
काठी दारामागे उभी आहे, छत्रीशेजारी,
वाळून थोडी पिळवटलेली.
काल केर काढताना कुंदाताईंनी विचारलं,
साप निघाला होता का हो?